हळदीचं बोट

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी.

पूजा झाली. यंदाही मीच केली, दुसरं कोण करणार? चौतीस वर्षं ह्या परळच्या लॅबमध्ये सोल्डरिंग आयर्नपासून ऑसिलोस्कोपपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू मीच लावतोय. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, कंत्राटावर आहे, तरी ताट माझ्याच हातात. निलेशने, आमच्या दुसऱ्या इंजिनिअरने, पेढे आणले. अभयसर, आमचे साहेब, पाच मिनिटं हात जोडून उभे राहिले आणि मीटिंगला पळाले.

संघमित्रा नव्हती. कालच गेली नागपूरला, दीक्षाभूमीवर. दरवर्षी जाते, आईला घेऊन. जाताना दारातून वळून म्हणाली, "घाडीकाका, बाकी सगळ्याला हार घाला, माझ्या बोर्डाला तेवढं नको हां." हसूनच म्हणाली. पण मला लागलं! लाडकी पोर आहे ती माझी. डिझाइन तिचं, पण त्या बोर्डावरचा एकेक जोड माझ्या हातचा. आणि माझी पूजा नको?

नको तर नको म्हणून सोडून द्यायला हवं होतं. नाही सोडलं. सगळे पेढ्यांकडे वळले तेव्हा तिच्या टेबलापाशी गेलो. बोर्ड पत्र्याच्या डबीतून काढून उघडाच ठेवलेला. एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं. पंधरा तारखेला हॉस्पिटलचे डॉक्टर बघायला येणार आहेत, पोरीला यश मिळू दे — एवढंच मनात होतं. देवाशप्पथ.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

साडेसातलाच पोचलो. ती सोमवारी येणार, त्याआधी पुसायचं होतं. उगाच वाद नको. स्पिरिट, कापूस, मऊ ब्रश. पाच मिनिटांचं काम. चकचकीत!

काल सुट्टी म्हणून एसी बंद. आत नुसती घामट हवा. खिडकीच्या काचा ओल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

बिघडलं. सगळं बिघडलं.

अकरा वाजता तिने बोर्ड चालू केला. समोर किरण सोडणारा कोबाल्टचा तो इवलासा तुकडा, नेहमीचा, तपासणीचा. स्क्रीनवर त्याची रेघ सुईसारखी उभी राहायची. आज टेकाड! रुंद, बसकं. गेल्या आठवड्यात रुंदी पाच होती, आज चौदा. तिने केबल बदलल्या, बॅटरी बदलली, सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. चौदा म्हणजे चौदा. निलेश मागे उभा राहून जिभेने च् च् करत होता.

घरी आलो तर ही म्हणाली, "काय झाला तुमका? जेवणात लक्ष नाय तुमचा." सांगायला बसलो. म्हटलं, छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन असतं ना, त्याआधी बाईला किरण सोडणारं औषध टोचतात. ते काखेतल्या ज्या गाठीत पहिलं जाऊन बसतं ती गाठ शोधायची, काढायची, तपासायची. आमचं यंत्र म्हणजे जाड पेनासारखा दांडा, डॉक्टर तो अंगाजवळ फिरवून गाठ हुडकतो. किरण आत आला की टोकाच्या स्फटिकात नखाएवढीसुद्धा नाही इतकी वीज उठते. ती पहिल्याच ट्रान्झिस्टरने स्वच्छ उचलायला हवी. रेघ बारीक असली तर गाठीतून सरळ आलेला किरण कुठला आणि अंगात आपटून भलतीकडून आलेला कुठला, हे कळतं. रेघ जाड झाली की सगळे सारखेच. मग डॉक्टर भलतीकडेच कापणार.

"म्हणजे आंधळो झालो तुमचो दांडो," ही म्हणाली. आंधळा. बरोबर बोलली.

आणि पोरीने काय जमवलं होतं! त्या पहिल्या ट्रान्झिस्टरला वीज कमी दिली की नॉइज, म्हणजे रेघ जाड करणारी खरखर, वाढतो, हे कोणीही सांगेल. तिने वीज निम्म्याच्याही खाली आणली आणि नॉइज वाढू दिला नाही. दांडा एका छोट्या सेलवर दिवसभर चालायचा, हातात गरम व्हायचा नाही. दीड वर्ष घासली बिचारी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज सोळा. हवा आणखी दमट.

८ ऑक्टोबर, बुधवार

लिहूनच टाकतो. इथे नाही तर कुठे?

मी केलं हे. माझ्या बोटाने.

नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी काय शिकवतो? इनपुटजवळ बोट न्यायचं नाही. हाताचा घाम, तेल, काही नाही. श्वाससुद्धा तोंड वळवून सोडा. तिथे जी वीज असते ती इतकी थोडी की बोटाच्या ठशातूनही झिरपून जाते, आणि जे झिरपतं तेच नॉइज बनून येतं. आणि मी कुठे लावलं? बरोबर तिथेच. जागा मोकळी दिसली म्हणून! जागा मोकळी का ठेवलीय, हे मला माहीत. मीच तिला सांगितलं होतं, अजून दोन मिलिमीटर मोकळी ठेव म्हणून.

कुंकू म्हणजे हळद आणि चुना. वर मी ते पाण्यात कालवलेलं. स्पिरिटने वरचा रंग गेला, पण तो लांबट काचेचा रेझिस्टर आहे ना, त्याच्या पोटाखाली जे शिरलं ते तिथेच बसलंय. दमट हवेत पाणी धरतंय. बोर्ड बुडवून धुवावा तर स्फटिक त्यालाच चिकटवलेला. तसला स्फटिक आमच्याकडे एकच. नवा मागवायचा तर सहा-आठ महिने. रेझिस्टर उचलून खालून साफ करता येईल, पण आयर्नची धग लागली तर स्फटिक जाणार, आणि मग विचारणार — का उचलताय?

उद्या सांगतो तिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नाही सांगितलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी थांबलो. बोर्ड दुर्बिणीखाली घेतला, आयर्न तापवलं. एक टोक सोडवलं की झालं, मनात म्हटलं, दहा मिनिटं. नेम दोनदा चुकला. माझा! ह्या हाताने केसाएवढ्या तारा जोडल्यात.

तेवढ्यात निलेश आला, डबा विसरला होता. "काय काका, मॅडमच्या बोर्डाशी काय चाललंय?" म्हटलं, काही नाही, जोड बघत होतो. आयर्न जागेवर ठेवलं. नंतर पुन्हा धाडस नाही झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर आले. तिघं. एक बाई होत्या, फार शांत. मांसासारखा जेलीचा ठोकळा, त्यात दोन ठिकाणी औषध लपवलेलं. एक मोठं, टोचल्याच्या जागेचं, आणि त्याच्या शेजारी बारकी गाठ. संघमित्राने दांडा फिरवला. मोठं सापडलं. ते तर शेंबडं पोरही सांगेल. गाठ नाही सापडली. पुन्हा फिरवला. नाही. तिसऱ्यांदा त्या डॉक्टरबाईंनी स्वतः हातात घेतला. नाही.

संघमित्राचा आवाज हलला नाही. "आज तो काम करत नाहीये," एवढंच म्हणाली. अभयसर सगळ्यांसमोर म्हणाले, "वीज वाचवण्याच्या नादात मूळ कामच गेलं. मी तुला सांगत होतो." तिने मान हलवली. त्यांनी खरंच सांगितलं होतं, वर्षापूर्वी, आणि तिने खोटं पाडलं होतं! टेबलावर रेघ काढून दाखवली होती, पाच रुंदीची. मी होतो तिथे. आजही होतो. कोपऱ्यात, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

बाटल्या वाटल्या, रिकाम्या गोळा केल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

चहाच्या वेळी निलेश म्हणाला, "कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं काका. पाठांतर असतं हो, डोकं नसतं."

मी हसलो.

का हसलो? त्याने हसून बघितलं म्हणून तोंड आपोआप हललं. आता घरी बसून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय. चहा पिऊन कप विसळला, जागेवर ठेवला, आणि तिच्यासमोर बसून दुपारभर कनेक्टर जोडले. ती म्हणाली, "काका, चष्मा बदला, फार जवळ घेऊन बघताय."

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

हिने ओवाळलं. अक्षदा आणि जावई आले होते, गिरगावातून. करंज्या, चकल्या, गडबड. अक्षदा म्हणाली, बाबा गप्प का? म्हटलं, दात दुखतोय.

ते गेल्यावर हिला सगळं सांगितलं. पूजेपासून. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "चूक झाली तर झाली. सांगूचा तर सांगा. पण देवाचा नाव मधी कित्याक हाडतास?" मी चिडलो. म्हटलं, देवाला कोण काय बोलतंय! मी माझं बोट सांगतोय. "लोक बोट बघूचे नाय," ही म्हणाली आणि उरलेल्या करंज्या डब्यात भरायला गेली.

बायकांना ह्यातलं काही कळत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रोजेक्ट काढून घेतलं. आता निलेशकडे. अभयसरांनी केबिनमध्ये बोलावून मला सांगितलं, "तिने स्वतःच लिहून दिलंय, चूक माझी म्हणून. मी जबरदस्ती केलेली नाही." म्हटलं, काय लिहिलंय? "ते माझ्या आणि तिच्यात राहू द्या." तीस तारखेला तिचं कंत्राट संपतं, ते वाढवणार नाहीत.

माझं वाढवतायत. तेही तिथेच सांगितलं त्यांनी. "तुमच्यासारखे हात आता मिळत नाहीत, घाडी."

निलेश म्हणतो, वीज सरळ दुप्पट करू, भानगडच नको. केलं त्याने जुन्या बोर्डावर. दांडा अर्ध्या तासात गरम. सेल चार तासांत खलास. डॉक्टर काय ऑपरेशन अर्धं टाकून सेल बदलायला जाणार? तिच्या बोर्डावर आता कोणाचा भरवसा नाही, नवा स्फटिक येईपर्यंत सगळं थांबलं. हॉस्पिटलातली चाचणी पुढच्या दिवाळीला.

येताना हॉस्पिटलच्या बाजूच्या फूटपाथवरून आलो. रोजचाच रस्ता. चटया, पिशव्या, स्टोव्ह, गावाहून आलेली माणसं. एक बाई पदराने हात झाकून बसली होती. हात सुजून खांबासारखा. गाठ नेमकी सापडली नाही की काखेतलं सगळंच काढतात, मग हात असा सुजतो. संघमित्रानेच सांगितलं होतं मला. तेवढ्यासाठी तर चाललं होतं हे सगळं! पुढची दिवाळी म्हणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिने मला चहाला खाली नेलं. म्हणाली, बेंगळुरूला एका ठिकाणी बोलणं चाललंय. उपग्रहावर जाणारे डिटेक्टर, तिथे तर विजेचा थेंब थेंब मोजून वापरतात. तिचंच काम. अभयसरांना त्यांचा फोन आला होता. "सरांनी चांगलं सांगितलं, काका. बहुतेक होईल."

मला एवढा आनंद झाला! वाटलं, चला, सुटलो. पोर मार्गी लागली. मग मनात आलं, की डोक्यावर हे घेऊन जाणार ती. आपलं डिझाइन फसलं, असंच समजून जन्मभर राहणार. म्हटलं, "पोरी, तुझं डिझाइन..." तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "राहू द्या काका. झालं ते झालं. सोल्डरिंग मी तुमच्याकडे बघून शिकले, ते घेऊन चाललेय." आणि चहावाल्याला म्हणाली, ह्यांच्याकडून पैसे घेऊ नको.

वरळीच्या चाळी पाडून टॉवर झालेत, तिथे त्यांना नवी जागा मिळालीय. आई एकटी राहायची नाही म्हणते बाविसाव्या मजल्यावर. तिलाही घेऊन जाणार. बोलत होती, मी हूं हूं करत होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज एक गोष्ट कळली, आणि ती बोटापेक्षा वाईट आहे.

लालबागच्या सिग्नलला उभा होतो. सहज मनात आलं — त्या दिवशी हेच निलेश म्हणाला असता तर? "काका, माझ्या बोर्डाला नको." मी काय समजलो असतो? इनपुट उघडं आहे, घाण नको. बस. दुसरं काही डोक्यातच आलं नसतं. उलट मीच बोर्ड झाकून ठेवला असता.

ती म्हणाली तेव्हा पहिलं काय आलं डोक्यात? ही बौद्ध. हिला आपले देव नकोत.

चौतीस वर्षांचा टेक्निशियन! बोर्ड दिसला नाही मला. जात दिसली. पोरगी इलेक्ट्रॉनिक्समधलं बोलत होती, साधं, पहिल्या दिवशीचं, माझंच शिकवलेलं. आणि मी त्यात माझा अपमान शोधला, आणि हट्टाने जाऊन बोट लावलं.

बाबा मिलमध्ये साचाखात्यात, मागावर, होते. तिचे आजोबा, रामजी नाव त्यांचं, त्याच मिलमध्ये, पण साचाखात्यात त्यांच्या लोकांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा असे, विटाळ नको म्हणून. बाबा हे सांगताना लाजायचे नाहीत. मी ऐकताना लाजायचो. वाटायचं, आपण त्यातले नव्हे. आपण तर तिच्या डब्यातलं खातो. काय पण मोठेपणा!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कालपासून ती रजेवर. सामान बांधतेय. बेंगळुरूचं पक्कं झालं, सोमवारी हजर व्हायचंय. जाताना सगळ्यांना नमस्कार, निलेशलासुद्धा. मला वाकून करायला लागली तर मी मागे सरलो.

असं जाऊ द्यायचं नाही. नाही म्हणजे नाही. उद्या काय तो सोक्षमोक्ष.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहिलं. स्वतःच्या हाताने, एक पान. "खंडेनवमीच्या दिवशी पूजा करताना मी, जयवंत घाडी, संघमित्राच्या बोर्डाच्या इनपुटवर हळदकुंकू लावले. तिने आधी नको म्हणून सांगितले होते. त्यामुळे नॉइज वाढला. डिझाइनमध्ये काहीही दोष नाही. सर्व दोष माझा." चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा नीट झालं.

एक प्रत अभयसरांना. त्यांनी दोनदा वाचून कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "कशाला, घाडी? मिटलं होतं ना." म्हटलं, तुमचं मिटलं असेल. कंत्राट नको मला, तेही सांगितलं. तोंडावर!

दुसरी प्रत बाहेर नोटीस बोर्डावर. चारी कोपऱ्यांना पिना. चौतीस वर्षं युनियनची पत्रकं तिथे लावली, आज स्वतःचं लावलं. लपवायचं काय आता? माणसं जमली. निलेशने मोबाइलवर फोटो काढला. काढ म्हटलं, चांगले चार काढ!

परळ नाक्यापर्यंत चालत आलो. कित्येक दिवसांनी भूक लागली. हिने बांगडे तळले, तीन खाल्ले. तिला पत्राचं सांगितलं. तिने अजून भात वाढू का विचारलं.

संघमित्राला आज फोन नाही केला. कोणाकडून तरी कळेलच. आपल्या तोंडाने सांगून आभार मानून घेतल्यासारखं नको.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅबमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. चालायचंच. नोटीस बोर्डावरचा कागद कोणीतरी काढला. सफाईवाला धोंडूसुद्धा नजर चुकवतो. मात्र जेवायला बसलो तर निलेश शेजारी येऊन बसला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमचा काय दोष? तुम्ही साधे माणूस." मला नीट कळलं नाही, हा इतका गोड का बोलतोय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

संघमित्राचा फोन. मी माफी मागायला लागलो, तिने थांबवलं.

"मला सहा तारखेलाच कळलं होतं, काका. दुर्बिणीखाली रेझिस्टरखालचं पिवळं दिसलं. कडेकडेने धुवून बघितलं, गेलं नाही, आणि रेझिस्टर उचलायला स्फटिकाची भीती. पुढची तारीख मागायची तर कारण सांगावं लागलं असतं." सरांना तिने लिहून दिलं ते हे — डिझाइन बरोबर आहे, बोर्ड हाताळताना घाण माझ्याकडून लागली. पूजेचा शब्दही नाही. "निष्काळजी म्हणून गेले असते, चाललं असतं. पूजेवर बोट ठेवणारी म्हणून मला कुठली लॅब घेणार होती?"

आता सगळे म्हणतायत, हिनेच म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं, जाता जाता. कागदाचा फोटो बेंगळुरूला पोचलाय. त्यांनी कळवलंय, सोमवारी येऊ नका, आधी चौकशी करतो.

मी म्हटलं, मी येतो तिकडे, त्यांना सांगतो.

"नको," ती म्हणाली. "काका, तुम्ही एकदाही मला विचारलं नाहीत."